उलटून पुन्हा वर

होडी उलटू नये म्हणून माणसाने फार जुन्या काळापासून डोके चालवले आहे. आपल्या कोकणात या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे उलांडी. होडीच्या एका अंगाने दोन आडव्या दांड्या बाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकांना होडीशी समांतर असे एक लाकूड बांधून ते पाण्यावर तरंगत ठेवायचे. लाटेने होडी कलली की हे लाकूड तिला सावरते. मालवण-रत्नागिरीकडच्या लहान मासेमारी होड्यांना अशी उलांडी लावतात. त्यामागचा विचार सरळ आहे: उलटणे हे संकट आहे, ते शक्यतो येऊच द्यायचे नाही.

ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर शोधले. त्यांची होडी म्हणजे कयाक. हा शब्दही मुळात त्यांचाच. सील आणि इतर समुद्री प्राण्यांच्या शिकारीसाठी त्यांना वेगवान, आवाज न करणारी आणि एकट्याने चालवता येईल अशी होडी हवी होती. ती इतकी निमुळती झाली की ती उलटणार हे गृहीतच धरावे लागले. मग त्यांनी उलटणे टाळण्याऐवजी उलटल्यावर पाण्याखालूनच पुन्हा वर येण्याची विद्या घडवली. या विद्येला आज जगभर ‘रोल’ म्हणतात. उलटण्याची भीती माणूस कशी घालवतो, आणि ती खरोखर जाते का, हे समजून घ्यायला या रोलइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

अंगावर घातलेली होडी

आधी ही होडी नीट पाहू. ग्रीनलंडमध्ये जंगल नाही. कयाकच्या सांगाड्याला लागणारे लाकूड सैबेरियातल्या नद्यांतून समुद्रात येऊन प्रवाहाबरोबर वाहत त्या किनाऱ्याला लागायचे. ते गोळा करून, ताशून, बांधून सांगाडा तयार व्हायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवले जायचे. होडीचे माप शिकाऱ्याच्या शरीरावरून घेत. लांबी साधारण पाच-साडेपाच मीटर आणि रुंदी जेमतेम अर्धा मीटर. शिंप्याकडे कपडा बेतावा तशी ती बेतलेली असे.

वरून ही होडी बंद असते. मधे माणूस शिरेल एवढेच भोक. शिकारी त्यात पाय सरळ पसरून बसे. अंगात ‘तुइलिक’ नावाचा कातडी अंगरखा असे. त्याची टोपी चेहऱ्याभोवती, बाह्या मनगटाभोवती आणि खालचा घेर भोकाच्या कडेभोवती घट्ट बांधला जाई. म्हणजे माणूस आणि होडी मिळून एकच जलरोधक वस्तू तयार व्हायची. होडी उलटली तर शिकारी डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत त्यातच राहणार. बाहेर पडून पोहत किनारा गाठणे हा पर्यायच नव्हता. पाणी शून्याच्या आसपास, आणि बहुतेकांना पोहता येत नसे, कारण तिथे पोहायला शिकायचे कुठे? त्यामुळे होडीत राहूनच वर येणे एवढी एकच वाट उरत होती.

ही वाट किती तपशिलात विकसित झाली होती याची नोंद जुनी आहे. मोरावियन पंथाचा डेव्हिड क्रांट्झ १७६१-६२ मध्ये ग्रीनलंडमध्ये राहिला. १७६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रीनलंडच्या इतिहासात शिकारी उलटून वर येण्याचे वेगवेगळे प्रकार कसे घोटून घेत, याचे वर्णन आहे. वल्ह्याने वर येणे, वल्हे दोऱ्यांत अडकले असताना वर येणे, वल्हे हातचे गेले तर नुसत्या हाताने वर येणे. प्रत्येक प्रकारामागे समुद्रावर घडलेला एखादा प्रसंग असणार हे वाचतानाच कळते. भाल्याच्या दोरात हात गुंतला तर काय करायचे, हा प्रश्न तिथे कुणाला तरी जिवानिशी पडला होता.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या शिक्षणाची तयारी जमिनीवरही होई. दोन टोकांना ताणून बांधलेल्या दोरांवर लटकून, गिरक्या घेऊन, डोके खाली करून राहण्याचे व्यायाम तिथे परंपरेने चालत आले आहेत. आपल्या दोरीच्या मल्लखांबाची आठवण व्हावी असे हे खेळ. पाण्यात उलटण्याआधी शरीराला उलटे होण्याची सवय कोरड्या जागी लावायची, हे शहाणपण त्यात आहे.

भीती नेमकी कशाची?

मी मानसशास्त्राची पदवीधर नाही आणि खेळाडूही नाही. हा विषय माझ्याकडे घरातून आला. मी नऊ वर्षांची असताना माझा मामा खाडी ओलांडताना होडी उलटून गेला. त्यानंतर आजीने घरातल्या एकाही मुलाला पोहायला शिकू दिले नाही. ‘पाण्याच्या वाटेला जायचे नाही’ हा नियम झाला. आम्ही सगळी भावंडे खाडीकाठी वाढलो आणि एकालाही पोहता येत नव्हते. पुढे वाचता वाचता माझ्या लक्षात आले की या नियमाने आम्हाला पाण्यापासून दूर ठेवले, पण पाण्यापासून वाचवले नव्हते. होडीत बसण्याची वेळ आमच्यावर येतच होती. चाळिशीत मी पोहायला शिकले आणि त्रेपन्नाव्या वर्षी बंद कयाकमध्ये बसले.

इथे एक फरक सांगायला हवा. गोव्यात किंवा तारकर्लीकडे पर्यटकांना मिळते ती कयाक बहुतेक वेळा वर बसायची असते. ती उलटली तर माणूस नुसता पाण्यात पडतो. बंद कयाकमध्ये मात्र कमरेला ‘स्प्रे स्कर्ट’ नावाचा घेर असतो, तो भोकाच्या कडेवर ताणून बसवतात. तुइलिकचाच हा आधुनिक भाऊ. होडी उलटली की माणूस आत राहतो आणि खरी भीती तिथे सुरू होते.

ही भीती बाहेरून एक दिसते, पण आत तिचे चार वेगळे पदर असतात: अडकून पडण्याची भीती, श्वास संपण्याची भीती, दिशा हरवण्याची भीती आणि थंड पाण्याचा धसका. शिकवणारे चांगले असतील तर ते हे पदर एकेक करून सोडवतात.

पहिला धडा वर येण्याचा नसतोच, तो बाहेर पडण्याचा असतो. होडी उलटली की पुढे झुकायचे, म्हणजे चेहरा आणि छाती झाकली जाते. मग होडीच्या तळावर तीनदा थापट्या मारायच्या. मग स्कर्टचा पुढचा पट्टा ओढायचा, हात कमरेशी आणून कडेला रेटा द्यायचा आणि विजार काढावी तशी होडी पायांतून काढायची. आमचे शिक्षक थापट्यांबद्दल फार आग्रही होते. ‘ताई, आधी टकटक करा, मग बाहेर या. घाई नाही,’ असे ते दर वेळी म्हणायचे. थापट्या मारणे ही बाहेरच्यांना हाक आहेच, पण तिचा दुसरा उपयोग मला महत्त्वाचा वाटतो. ज्या क्षणी शरीर ‘पळ’ म्हणते आहे, त्या क्षणी एक ठरलेले, सावकाश काम करायला लावणे. पहिल्या खेपेला मला वाटले मी मिनिटभर पाण्याखाली होते. काठावरून मोजणाऱ्या मैत्रिणीने सांगितले, सात सेकंद. भीती वेळ ताणते. सेकंद मोजले की ताण कमी होतो, कारण सात सेकंद श्वास धरणे कुणालाही जमते हे आपल्याला माहीत असते.

दिशेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. उलटे झाल्यावर नाकात पाणी जाते, डोळ्यांना धूसर दिसते, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय गोंधळते, आणि वर कुठे, खाली कुठे हे कळत नाही. यावर उपाय डोळ्यांचा नसून स्पर्शाचा आहे. होडीची कड कुठे आहे हे हाताला कळते, मांड्या कुठे टेकल्या आहेत हे गुडघ्यांना कळते. म्हणून सरावात नाकाला चिमटा लावून, उथळ पाण्यात, शेजारी माणूस उभा असताना नुसते उलटे राहायला शिकवतात. काही करायचे नाही, फक्त पाचपर्यंत मोजायचे आणि थापट्या मारायच्या. मग शेजारचा माणूस दुसऱ्या कयाकचे नाक हातापाशी आणून देतो, त्याला धरून वर यायचे.

डोके शेवटी

रोल म्हणजे ताकदीचे काम, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात त्यामागचे यंत्रशास्त्र साधे आहे. पाण्यात असताना शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलते. वर आणायची असते ती आधी होडी, आणि होडी फिरते ती कमरेच्या व गुडघ्याच्या झटक्याने. वल्हे पाण्याच्या पृष्ठभागावरून गोलाकार फिरवले की त्या फिरण्यातून थोडा आधार मिळतो, तेवढा पुरतो. मग धड वर येते आणि अगदी शेवटी डोके.

हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. माणसाचे डोके साधारण चार-पाच किलोचे. पाण्याबाहेर काढले की त्याला पाण्याचा आधार राहत नाही. शिवाय डोके आधी उचलले की त्याच बाजूचे मानेचे आणि कुशीचे स्नायू आवळले जातात, चुकीचा गुडघा होडीला रेटतो आणि अर्धी वर आलेली होडी पुन्हा पालथी होते. म्हणजे श्वासासाठी डोके वर काढण्याची जी धडपड भीती आपल्याकडून करून घेते, तीच आपल्याला पुन्हा पाण्याखाली नेते. रोल शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कळते, पण कळून उपयोग नसतो, कारण पाण्याखाली निर्णय मान घेते, बुद्धी घेत नाही. म्हणून तंत्र आणि भीती यांचा अभ्यास वेगवेगळा करता येत नाही. भीती उतरल्याशिवाय तंत्र जमत नाही, आणि तंत्र थोडे जमू लागल्याशिवाय भीती उतरत नाही. दोन्ही पायऱ्या आळीपाळीने चढाव्या लागतात.

युरोपात रोल पहिल्यांदा करून दाखवणारा म्हणून ज्याची नोंद आहे, तो ऑस्ट्रियाचा एदी हान्स पावलाता. त्याला कोणी गुरू नव्हता. नॉर्वेचा संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन याने १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडल्यावर तिथेच हिवाळा काढला, कयाक शिकली आणि इनुइट जीवनावर लिहिले. अशा वर्णनांच्या आधारे पावलाताने प्रयोग केले आणि १९२७ च्या जुलैमध्ये वाइसेनझे या तळ्यात तो उलटून वर आला. वल्ह्याचे पाते एका हाताने टोकाला धरून त्याची लांबी वाढवण्याची त्याची पद्धत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पुस्तकातून पाण्याची विद्या शिकता येते, याचा माझ्यासारख्या स्वयंशिक्षितांना आनंद वाटावा असे हे उदाहरण आहे. फक्त पुस्तक वाचून झाल्यावर त्याला तळ्यात शेकडो वेळा बुडावे लागले असणार हे विसरू नये.

शांत पाण्यातली भीती

उलटण्यात एवढे तरबेज असलेल्या इनुइट शिकाऱ्यांना भीती वाटतच नसेल, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्ष नोंदी वेगळे सांगतात. पश्चिम ग्रीनलंडमध्ये शिकाऱ्यांना जडणारी एक अवस्था डॅनिश डॉक्टरांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकात नोंदवली. डॅनिश लोक तिला कयाकची भोवळ म्हणत. इनुइट भाषेत तिचे नाव ‘नांगियार्नेक’. आल्फ्रेड बेर्टेलसेन या डॉक्टराने विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा अभ्यास केला आणि १९६३ मध्ये झॅकरी गुस्सो या अभ्यासकाने त्या विषयाची नव्याने मांडणी केली.

ही अवस्था वादळात येत नसे. समुद्र आरशासारखा शांत, ऊन डोळ्यांवर, वारा नाही, आणि शिकारी एकटा, सील वर येण्याची वाट पाहत हालचाल न करता बसलेला. अशा वेळी हळूहळू अंतराचा अंदाज सुटतो. होडी अरुंद होते आहे, तिच्यात पाणी भरते आहे, गारठा पायांतून वर चढतो आहे असे वाटू लागते. हात हलवला तर उलटू या भयाने शरीर गोठते. दुसरी कयाक जवळ आली किंवा वाऱ्याने पाण्यावर तरंग उठले की अनेकांची सुटका होई. काहींना मात्र एकदा असा झटका आल्यावर पुन्हा समुद्रावर जाणे जमले नाही. जिथे शिकार म्हणजेच घराचे अन्न, तिथे याचा अर्थ काय होत असेल ते सांगायला नको.

या नोंदींतून मला दोन गोष्टी कळतात. भीती धोक्याच्या प्रमाणात येत नाही. आणि कौशल्य असणे म्हणजे भीती नसणे नव्हे. हातापायांना करायला काही नसले की भीतीला मोकळी जागा मिळते. उलट, तरंग उठले, होडी हलली, कमरेला काम मिळाले, की शरीर पुन्हा जागेवर येते. शेजारी माणूस असणे हाही या उपायाचा भाग होता.

भीती पुसली जात नाही

आधुनिक मानसशास्त्र याच वाटेने गेले आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला, तो खात असताना, ससा रोज थोडा थोडा जवळ आणून निर्भय केले. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीची शिडी मांडून खालच्या पायरीपासून वर चढण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. उथळ पाणी, शेजारी माणूस, नाकाला चिमटा, मग एकेक आधार काढत जाणे, ही तीच शिडी आहे.

पण त्यानंतरच्या संशोधनाने एक सावधगिरीची गोष्ट सांगितली. पाव्हलोवला आपल्या कुत्र्यांत आढळले होते की विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परत येते. मार्क बूटन, मिशेल क्रास्के यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कामातून असे दिसते की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्याशेजारी ‘हे सुरक्षित आहे’ अशी दुसरी आठवण तयार होते, आणि प्रसंगी दोघींपैकी जी वरचढ ठरेल तिचे शरीर ऐकते. ही नवी आठवण जागेला चिकटलेली असते. म्हणूनच तलावात दहापैकी दहा वेळा रोल करणारा माणूस खाडीच्या गढूळ पाण्यात पहिल्याच खेपेला गोंधळतो. माझेही तेच झाले. तंत्र तेच होते, पण पाण्याचा रंग वेगळा होता. उपाय एकच: वेगवेगळ्या पाण्यांत, वेगवेगळ्या बाजूंनी, अचानक उलटून सराव करायचा. ग्रीनलंडमध्ये आज होणाऱ्या स्पर्धांत रोलचे तीसहून अधिक प्रकार असतात. त्यांत एका हातात वीट धरून वर येण्याचा आणि हात छातीशी आवळून वर येण्याचाही प्रकार आहे. मला पूर्वी ही कसरत वाटे. आता वाटते, नव्या आठवणीला जितक्या वेगवेगळ्या प्रसंगांत रुजवाल तितकी ती पक्की होते, हे त्या लोकांनी अनुभवाने ओळखले होते.

थंडीबद्दलही असेच. साधारण पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडले की पहिल्या काही क्षणांत धाप लागते, श्वास आवरत नाही. हा झटका एक-दोन मिनिटांत ओसरू लागतो, आणि थोड्या थोड्या वेळाच्या काही बुड्यांनी शरीर त्याला बऱ्यापैकी सरावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या किनाऱ्यावर पाणी कोमट असते, त्यामुळे हा पदर आपल्यासाठी बराच सैल आहे. हिमालयातल्या नद्यांत जाणाऱ्यांसाठी तो तितका सैल नाही.

रोल म्हणजे अभय नव्हे

या विषयावर लिहिताना जीनो वॉटकिन्स या तरुणाला टाळता येत नाही. १९३०-३१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम पूर्व ग्रीनलंडमध्ये गेली. तिथल्या शिकाऱ्यांकडून तो आणि त्याचे काही सोबती कयाक चालवायला, रोल करायला आणि सील मारायला शिकले. वॉटकिन्स त्यात फार तयार झाला होता. पुढच्या मोहिमेत, २० ऑगस्ट १९३२ रोजी, तो एकटाच शिकारीला गेला. सोबत्यांना त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली आणि एका हिमखंडावर त्याची विजार आणि कयाकचा पट्टा. त्याचा देह कधीच मिळाला नाही. तो पंचवीस वर्षांचा होता.

भीती जिंकल्याच्या गोष्टी सांगताना ही गोष्टही सांगावी असे मला वाटते. आजीची भीती खोटी नव्हती. मामा खरोखर गेला होता. पाणी धोकादायक आहे हे तिचे म्हणणे बरोबरच होते. त्यावरचा ‘जवळ जाऊ नका’ हा उपाय मात्र अपुरा होता. भीती दोन कामे करते. एक, धोका दाखवते. दोन, धोक्याच्या क्षणी मान वर खेचते. शिक्षणाने दुसरे काम थांबवायचे असते, पहिले नाही. ज्याला रोल येतो त्याने एकटे जाऊ नये, अंगावर जीवरक्षक जाकीट ठेवावे, भरती-ओहोटी आणि वारा पाहूनच निघावे, हे सगळे जसेच्या तसे लागू राहते.

दर पावसाळ्यानंतर, समुद्र निवळला की, मी आणि आमचा लहानसा गट आधी उथळ पाण्यात जातो. वर्षभरात जुनी आठवण पुन्हा डोके वर काढते, हे आता मला माहीत आहे, म्हणून तिचा राग येत नाही. पहिल्या दिवशी रोल करायचा नसतो. नुसते उलटायचे, पाचपर्यंत मोजायचे, तळावर थापट्या मारायच्या आणि कुणाची तरी होडी हाताशी येईपर्यंत वाट पाहायची.